पुडीवर नाव लिहा: कोल्हापूरच्या काष्ठौषधी विक्रेत्यांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील सर्व काष्ठौषधी विक्रेते,
आणि गावोगावी बायकांना झाडपाल्याचं औषध देणारे मामा, मावशी, आजी यांस

सप्रेम नमस्कार.

मी राधानगरी तालुक्यात एकतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. तुमच्यापैकी कित्येकांच्या दुकानाची पायरी मी चढलेली आहे. पहिल्यांदा आले ती आजीचं बोट धरून. आजी आमच्या पंचक्रोशीची सुईण. वर्षातून दोनदा एस.टी.नं कोल्हापूरला यायची, अंबाबाईचं दर्शन घ्यायची आणि मग बाळंतशोपा, डिंक, सुंठ, वावडिंग, मुरुडशेंग अशी यादी तोंडपाठ म्हणत दुकानासमोर उभी राहायची. प्रत्येक जिन्नस हातात घेऊन मोडून बघायची, वास घ्यायची, कोपरा दाताखाली धरायची. मनाला आलं नाही तर परत ठेवायची. दुकानदारही रागवायचे नाहीत. "म्हातारीला कळतंय" म्हणायचे.

आजीची एक रीत मला फार उशिरा उमगली. ती कुणाला कुटलेलं औषध द्यायची नाही. अख्खी साल द्यायची, अख्खी मुळी द्यायची. "घरी जा, तुझी तू कूट, वस्त्रगाळ कर, आणि कशाची हाय ते ध्यानात ठेव." बाई नाव विसरली तरी झाड तिच्या हातात असायचं. आणि हे देण्याआधी आजीचा पहिला प्रश्न ठरलेला, "शेवटची पाळी कवा आली?"

हे पत्र त्या दोन गोष्टींसाठी लिहिते आहे.

माझी धाकटी जाऊ एक्केचाळीस वर्षांची होती तेव्हा तिच्या अंगावर जास्त जायला लागलं. महिन्याचे चार दिवस होते ते आठ झाले, मग बारा. कुणीतरी एका दुकानाचं नाव सांगितलं. दुकानाचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण मला कुणा एकाला धरून बोलायचं नाही. तिथनं तिला दोन पुड्या मिळायच्या. एक खाकी कागदात, तपकिरी चूर्ण, तुरट. दुसरी प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंडाला मेणबत्तीनं चिकटवलेली, आत करड्या रंगाची भुकटी. सकाळ-संध्याकाळ तांदळाच्या धुवणातनं घ्यायची. पहिल्या महिन्यात जरा कमी झाल्यासारखं वाटलं. पुढं चौदा महिने ती पुड्या घेत राहिली. मी त्याच घरात होते. मला तिच्या नखांचा रंग दिसत होता. जिन्याच्या चार पायऱ्या चढून ती भिंतीला टेकायची, तेही दिसत होतं. दुसऱ्यांच्या घरी जाऊन रक्त तपासायला सांगणारी मी, घरात गप्प राहिले, कारण "आयुर्वेदिक आहे, अपाय काय होणार" हे मलाही कुठंतरी पटलेलं होतं.

दवाखान्यात नेली तेव्हा हिमोग्लोबिन ५.२ होतं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, कॅन्सरची नव्हे, पण लिंबाहून मोठी. रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्या. रात्री डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चौदा महिने काय घेत होत्या?" आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. माझ्या पर्समध्ये खाकी कागद होता, त्यावर एक अक्षर नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी ती रिकामी पुडी घेऊन दुकानात गेले. उत्तर मिळालं, "ते आमच्या वडलांपासूनचं आहे, नावं सांगत नाही."

जाऊबाई आज बरी आहे. म्हणून मी हे शांतपणे लिहू शकते.

आता तुम्ही म्हणाल, सगळा दोष आमच्याच माथी का? तसं मी म्हणत नाही. बाई तुमच्याकडं का येते हे मला ठाऊक आहे. चाळिशीच्या आत कुणीतरी "पिशवीला सूज आहे, काढून टाका" असं सांगितलेलं असतं. घरी सासू, नवरा, शेतावरची कामं, ऊस तुटायला आलेला. पुरुष डॉक्टरसमोर बोलायची लाज. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या बायकांचं सर्वेक्षण झालं, त्यात ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. त्याच टोळ्या दर हंगामाला आपल्या साखर कारखान्यांच्या फडात येतात. हे ज्यांनी केलं ते पुड्या विकणारे नव्हते. तेव्हा बाई जर ऑपरेशनच्या भीतीनं तुमच्या दुकानाशी आली, तर ती अडाणी म्हणून आली नाही, तिला तिथं कुणी हाकलत नाही म्हणून आली. तुमचा हा विश्वास मोठा आहे आणि तेवढ्यासाठीच तुमच्याशी बोलायचं.

आपल्या औषधांत दम आहे की नाही? मी नोकरीत असताना आणि नंतरही जमेल तेवढं वाचलं, डॉक्टरांना आणि वैद्यांना विचारलं. सरसकट हो किंवा सरसकट नाही, असं उत्तर कुठंच मिळालं नाही.

सुंठीचं घ्या. पाळीत पोट दुखलं की आमच्याकडं सुंठ-गूळ. २००९ साली इराणमध्ये १५० विद्यार्थिनींवर चाचणी झाली. एका गटाला पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत २५० मिलिग्रॅम आल्याची भुकटी दिवसातून चार वेळा, बाकी दोन गटांना मेफेनॅमिक ॲसिड आणि आयब्युप्रोफेन, म्हणजे आपण मेडिकलमधनं घेतो त्याच गोळ्या. तिन्ही गटांत आराम जवळपास सारखा पडला. वाचून मला आजीची आठवण आली आणि डोळे भरून आले. पण लगेच २०१६ चं कोक्रेन परीक्षणही वाचलं पाहिजे. कोक्रेन ही जगभरच्या चाचण्या एकत्र करून पारखणारी संस्था. पाळीतल्या दुखण्यावर आलं, मेथी, बडीशेप आणि इतर पूरक पदार्थ यांच्या २७ चाचण्या त्यांनी एकत्र तपासल्या. निष्कर्ष असा, की काहींचा उपयोग होत असल्याच्या खुणा दिसतात, पण चाचण्या लहान आणि कच्च्या, त्यामुळं खात्रीनं सांगता येत नाही. म्हणजे पोरीचं पोट दुखत असेल तर सुंठ जरूर द्यावी. दोन-तीन महिन्यांत फरक नाही, किंवा दुखणं दरवेळी वाढतंच आहे, तर पुडी बदलत बसू नये, तपासायला पाठवावं.

शतावरीबद्दल तर दोन अभ्यास दोन तोंडांनी बोलतात. दूध कमी असलेल्या मातांवर १९९६ साली 'इंडियन पेडियाट्रिक्स'मध्ये छापून आलेल्या चाचणीत शतावरी असलेल्या औषधानं काही फरक दिसला नाही. २०११ साली ६० मातांवरच्या चाचणीत शतावरीच्या मुळीनं दुधाशी संबंधित प्रोलॅक्टिन हार्मोन चांगलं वाढलं. कोण खरं? कदाचित दोन्ही. मुळी कोणती, कुठली, किती, ताजी की जुनी, एकटी की मिसळलेली, यावर सगळं फिरतं. माझ्या अनुभवात बाळाला पहिल्या तासात छातीला लावणं आणि बाळंतिणीला पोटभर जेवण, याला तोड नाही. शतावरी त्याच्या जोडीला असेल तर माझी हरकत नाही.

आणि अशोक. स्त्रीरोगाचं नाव काढलं की तुमचा हात आधी त्या डब्याकडं जातो. ग्रंथांत अशोकाच्या सालीला रक्तप्रदरावर, म्हणजे अंगावर जास्त रक्त जाण्यावर, मान आहे, अशोकारिष्ट घराघरांत आहे. माणसांवरचे अभ्यास मात्र लहान, बऱ्याच ठिकाणी तुलनेला दुसरा गटच नाही. इथं आणखी एक गोष्ट आहे आणि ती तुम्ही माझ्यापेक्षा चांगली जाणता. खरा अशोक म्हणजे सीता अशोक. त्याची कोवळी पानं तांबूस, लोंबती, फुलं नारिंगी-लाल गुच्छात, थेट खोडालाही लागतात. शाळांच्या आणि बंगल्यांच्या कुंपणाला सरळसोट उभा असतो तो वेगळाच, कडेनं लाटा असलेल्या लांब पानांचा, हिरवट फुलांचा. लोक त्यालाही अशोकच म्हणतात. दोघांचं कुळही एक नाही. सीता अशोक आता इतका कमी झालाय की जागतिक धोक्याच्या यादीत त्याची नोंद आहे, आणि बाजारातल्या सालींची तपासणी झाली तेव्हा खऱ्या अशोकाच्या नावाखाली दुसऱ्याच झाडांच्या साली सापडल्याचे अहवाल आहेत. कुटल्यावर सगळं तपकिरी. आजी कुटलेलं का देत नसेल ते इथं कळतं. खऱ्या अशोकाच्या गुणाविषयी आपण वाद घालतोय आणि बाईच्या पोटात भलतीच साल जातेय, असं होऊ नये.

झाडपाला म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी एक झाड दाखवते. आपल्याच राधानगरी, चंदगड, आंबा भागातल्या जंगलात नरक्या उगवतो. त्याला वासामुळं हे नाव. ट्रकनं त्याची चोरटी तोड झाली, पकडापकडी झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्यात. कशासाठी तोड? त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असतं. त्याच द्रव्यापासून सुधारून केलेलं टोपोटेकॅन हे औषध १९९६ पासून अंडाशयाच्या आणि पुढं २००६ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर वापरलं जातं. म्हणजे सह्याद्रीतल्या झाडात सापडणारं द्रव्य बायकांच्या सगळ्यात वाईट दुखण्यावर कामाला आलं. पण नरक्याचं लाकूड उगाळून कुणी पाजलं तर बाईच्या जिवावर बेतू शकतं. द्रव्य वेगळं काढलं, ते बदललं, मात्रा मिलिग्रॅममध्ये ठरली, शेकडो रुग्णांवर तपासलं, काय अपाय होतो तेही लिहून ठेवलं, तेव्हा त्याचं औषध झालं. वनस्पतीत ताकद आहे हे मान्य केलं, की तिच्यात घात करायचीही ताकद आहे हे आपोआप मान्य करावं लागतं.

म्हणून आता ज्या तीन गोष्टी बंदच झाल्या पाहिजेत, त्यांविषयी मी मऊ बोलणार नाही.

पहिली, मुलगा व्हायचं औषध. दिवस राहिल्यावर दीड-दोन महिन्यांत गाईच्या दुधातनं द्यायची ती पुडी. बाळाचा लिंग बाप आणि आईच्या पेशी एकत्र येतात त्याच क्षणी ठरलेला असतो, तोही बापाच्या पेशीवरून. पुडी येते तेव्हा ते होऊन गेलेलं असतं. हरियाणात अशा औषधांचे नमुने तपासले गेले, तर त्यात वनस्पतींमधली, इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनसारखी द्रव्यं आणि काहींत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांचं हार्मोनसुद्धा निघालं. व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांमध्ये ही औषधं घेतल्याचं प्रमाण जास्त आढळलं. आपल्या जिल्ह्याला हा विषय परका नाही. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे आपल्याकडं ८३९ मुली होत्या, २०११ मध्ये ८६३. सोनोग्राफीच्या मशिनांवर नजर ठेवली म्हणजे काम झालं, असं नाही. पुडीही त्याच आकड्याला जोडलेली आहे.

दुसरी, 'पाळी आणायचं' औषध. चुकलेली पाळी म्हणजे बहुतेक वेळा दिवस राहिलेले असतात. गर्भ नळीत राहिला असेल आणि वरनं गरम औषधं चाललीत, तर नळी फुटून बाई तासा-दोन तासांत दगावू शकते, आणि मरताना सगळे म्हणणार, औषध लागू पडलं, रक्त सुटलं. गर्भपात करून घ्यायचा असेल तर १९७१ चा कायदा आहे, २०२१ साली तो आणखी सैल झालाय. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं, आणि ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. हे वाक्य तुम्ही गल्ल्यावर बसून नुसतं सांगितलंत तरी किती जीव वाचतील! मुळ्या आणि काड्या आत घालण्याचे प्रकार मी डोळ्यांनी बघितलेत, त्यातल्या एका पोरीचं पोट हाताला लाकडासारखं लागत होतं. त्यापुढचं लिहिवत नाही.

तिसरी, माजूफळ, तुरटी, लोध्र यांच्या गोळ्या योनीत ठेवायला देणं. पांढरं जाणं हे दरवेळी दुखणं नसतंच. पाळीच्या मधल्या दिवसांत पारदर्शक, चिकट जातं ते शरीराचं रोजचं काम आहे. दह्यासारखं गुठळ्यांचं, खाज असलेलं, हिरवट, वास मारणारं जात असेल तर तो जंतुसंसर्ग, आणि त्याला बुरशीचं वेगळं, जंतूंचं वेगळं औषध लागतं. ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. तुरट पदार्थ आत ठेवले की कोरडं पडल्यासारखं वाटतं, बाईला वाटतं बरं झालं. आतली त्वचा चिरते आणि संसर्ग वर चढतो.

कायद्याचंही एकदा कानावर घालते, धमकी म्हणून नव्हे. औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्यात, कलम ३ मध्ये, गर्भपात, गर्भधारणा रोखणं आणि "बायकांच्या पाळीच्या तक्रारी दुरुस्त करणं" यासाठीच्या औषधांची जाहिरातच करायला मनाई आहे. दुकानाबाहेरचे ते फलक आणि मोबाइलवर फिरणारे ते व्हिडिओ त्यात येतात. कारखान्यात झालेल्या आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकांची नावं लिहिणं सक्तीचं आहे. मग तुमच्या पुडीवर का नसावीत?

त्या करड्या भुकटीचं मला अजून भय वाटतं. भस्म, म्हणजे धातू-खनिजं जाळून केलेली औषधी राख, होतं की काय होतं, कधीच कळलं नाही. अमेरिकेत २००८ साली इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली, तर पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात भारतातली आयुर्वेदिक औषधं घेणाऱ्या ६ गर्भवती बायकांना शिशाची विषबाधा झाल्याचं तिथल्या आरोग्य खात्यानं नोंदवलं. शिसं आईच्या रक्तातनं बाळाकडं जातं. त्या बायकांच्या बाबतीत कारण सापडलं, कारण औषधाच्या डब्या समोर होत्या. माझ्या जावेच्या बाबतीत खाकी कागद होता.

तेव्हा मागणं एवढंच, की पुडीवर नाव लिहा. प्रत्येक जिन्नसाचं, मराठीत, बॉलपेननं लिहिलं तरी चालेल. पाच जिन्नस असतील तर पाच नावं, भस्म असेल तर कोणतं, कुणाकडनं घेतलेलं. किती घ्यायचं, किती दिवस घ्यायचं आणि तारीख. "वडलांपासूनचं गुपित" हे मला समजतं, त्यावर घर चाललेलं असतं. पण गिऱ्हाईक बेशुद्ध पडली तर डॉक्टरला ते गुपित लागतं.

आणि पुडी बांधायच्या आधी विचारा, आजीसारखं. शेवटची पाळी कधी आली? पाळी चुकलेली असेल तर आधी आशाताईकडं पाठवा, गरोदरपण तपासायचं 'निश्चय' किट तिच्याकडं असतं. पाळी जाऊन वर्ष उलटलंय आणि आता परत अंगावर गेलंय, असं बाई म्हणाली, तर कृपा करून काहीही देऊ नका. एक थेंब असला तरी देऊ नका. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण हेच असतं आणि तेव्हाच पकडला तर बाई वाचते. रोज जास्त जात असेल तर आधी रक्त तपासायला सांगा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. तुमच्या दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या दोघींतली एक तशी असणार. गोळी सुचवायची तर लोहाची सुचवा, लिंबू पिळलेल्या आमटीभातानंतर घ्या म्हणावं, चहाबरोबर नको. अळिवाचे लाडू जरूर विका, पण बाळंतपणानंतरचे, आणि रक्त ५ वर आलेलं असताना लाडवावर भरवसा ठेवू नका.

ज्या दुकानदारांना हे पटेल त्यांच्यासाठी मी चिठ्ठ्यांचा नमुना केला आहे, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा. वर औषधाची नावं, खाली मात्रा आणि दिवस, मागच्या बाजूला तीन ओळी: पाळी चुकली असेल तर घेऊ नका, पाळी गेल्यावर रक्त गेलं तर आजच दवाखान्यात जा, ही चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. गारगोटीच्या एका छापखान्यात हजार चिठ्ठ्या छापून घेतल्यात, पेन्शनीतनं. पुढच्या महिन्यात पिशवीत घालून घेऊन येते. पहिल्या दुकानात जाणार आहे ते तेच, जिथनं ती खाकी पुडी आली होती.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
राधानगरी तालुका